२१ कोटींचं युरेनियम आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अणुऊर्जेवर लेख होता, त्यात एका ओळीत येऊन गेलं होतं की अणुसामग्रीची तस्करी रोखायला जगभर यंत्रणा काम करते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा आख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही ठिकाणी कात्री लावलीय, तेवढं चालवून घ्या.

ताई, आमच्या ठाण्यात मागे युरेनियम पकडलं होतं, मग २०२१ मध्ये मुंबईत पकडलं, २१ कोटींचं म्हणे. सोसायटीच्या ग्रुपवर एक काका रोज लिहितात की आता बॉम्ब व्हायला किती वेळ. खरं काय समजायचं? (ठाणे)

दोन्ही केस खऱ्या आहेत, काकांचा निष्कर्ष तेवढा चुकलाय. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी जवळपास ९ किलो माल पकडला होता, बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, तपासला तर ते डिप्लिटेड युरेनियम निघालं, म्हणजे ज्यातला कामाचा भाग आधीच काढून घेतलाय असा उरलेला चोथा. हा धातू शिशापेक्षाही जड, म्हणून रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात किरण अडवायला वापरतात, जुन्या विमानांमध्ये वजनाचा तोल साधायलाही वापरायचे. मे २०२१ मध्ये एटीएसने मुंबईत ७ किलो १०० ग्रॅम पकडलं, ते नॅचरल युरेनियम होतं. आता नॅचरलमध्ये बॉम्बच्या कामाचं जे यू-२३५ असतं ते फक्त ०.७ टक्के, म्हणजे त्या ७ किलोत जेमतेम ५० ग्रॅम, आणि ते वेगळं काढायला सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे भयंकर वेगाने फिरवून हलकं-जड वेगळं करणाऱ्या यंत्रांचा, मोठा कारखाना लागतो जो लपवणं एखाद्या देशालाही जड जातं, दोन माणसांना कुठून जमणार. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, एक बॉम्ब होऊ शकेल एवढी मात्रा म्हणून आकडे धरते: प्लुटोनियम ८ किलो, उच्च समृद्ध (म्हणजे यू-२३५ चं प्रमाण मुद्दाम खूप वाढवलेल्या) युरेनियममधलं यू-२३५ २५ किलो, आणि नॅचरल युरेनियम असेल तर १० टन. टन म्हणतेय मी, किलो नाही.

आणि ते २१ कोटी! २०२१ च्या मे महिन्यात जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पाउंडाला ३० डॉलरच्या आसपास होता. ७ किलो १०० ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा पाउंड. गुणाकार करा, ३५ हजार रुपयांच्या आसपास येतात. शुद्ध धातू असेल तर किंमत वाढेल, पण कोटीत जाणार नाही. पकडलेल्या मालाला असा भाव लावून बातमी दिली की काय होतं, तर वाचणाऱ्या चार जणांना वाटतं अरे इथे पैसा आहे, आणि पुढची केस तयार होते. यावर माझा फार राग आहे, पुढे एका उत्तरात परत येईनच त्यावर.

काकांना एक मात्र सांगा, की माल निरुपयोगी असला तरी तो कुणाच्या तरी ताब्यातून, कुठल्या तरी रजिस्टरमधून बाहेर पडला ना? खरा प्रश्न तिथे आहे. म्हणून अशी केस किरकोळ समजून सोडत नाहीत, मुंबईच्या केसमध्ये ॲटॉमिक एनर्जी ॲक्ट १९६२ खाली गुन्हा लागला आणि ती केस पुढे एनआयएकडे गेली.

मॅडम, मी एमएस्सी फिजिक्सला आहे. मला हे कळत नाही की एवढ्या कडक जागेतून सामग्री बाहेर येतेच कशी? (नाशिक)

तुझ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबणार आहे कारण सगळ्या विषयाची गाठ इथेच आहे.

१९९२ ची गोष्ट. मॉस्कोच्या दक्षिणेला पोडोल्स्क नावाचं गाव आहे, तिथे लुच नावाचा अणुसंशोधनाचा कारखाना. लिओनिद स्मिर्नोव्ह नावाचा केमिकल इंजिनियर तिथे कित्येक वर्षं कामाला, साधा माणूस, रेकॉर्ड स्वच्छ. सोव्हिएत युनियन नुकतंच कोसळलेलं, महागाईने पगाराची किंमत शून्य झालेली. त्याने पेपरात वाचलं की युरेनियम चोरून विकलं तर भरपूर पैसे मिळतात (बघा, परत पेपरच). कारखान्यात युरेनियमवर प्रक्रिया करताना थोडंफार वाया जाणार हे धरूनच चालायचे, ३ टक्क्यांपर्यंत घट आली तर कुणी विचारत नसे. याचा हात असा बसलेला की खरी घट त्याहून बरीच कमी यायची, मग मधला फरक हा माणूस बाजूला काढायचा, एका वेळी ५०-७० ग्रॅम, छोट्या काचेच्या बाटलीतून, मे ते सप्टेंबर. कागदावर सगळं बरोबर! कुठेही अलार्म नाही, कुठेही लाल शेरा नाही. घरी बाल्कनीत शिशाच्या डब्यात ठेवत गेला आणि शेवटी जमलं दीड किलो, ९० टक्के समृद्ध, म्हणजे थेट बॉम्बच्या दर्जाचं. कशासाठी, तर नवीन फ्रीज आणि गॅसची शेगडी घ्यायची होती, हे त्याने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलंय.

आणि पकडला कसा गेला माहितीये? मॉस्कोला जाऊन गिऱ्हाईक शोधू म्हणून ऑक्टोबरमध्ये स्टेशनवर गेला, तिथे त्याला ओळखीचे लोक भेटले, ते कारखान्यातून बॅटऱ्या चोरून विकायला निघालेले. पोलिस आले होते बॅटरीचोरांसाठी, यालाही सोबत उचललं आणि झडती घेतल्यावर हा डबा निघाला. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अणुचोऱ्यांपैकी एक पकडली गेली ती बॅटऱ्यांमुळे. शिक्षा झाली ३ वर्षांची, तीही प्रोबेशनवर.

पुढच्याच वर्षी मुर्मान्स्कला नौदलाच्या आवारात एका अधिकाऱ्याने कुंपणाच्या भोकातून आत जाऊन, गोदामाचं कुलूप तोडून पाणबुडीच्या इंधनाचा साडेचार किलो भाग उचलला, साधारण २० टक्के समृद्ध. तपास करणारा अधिकारी नंतर म्हणाला की याच्यापेक्षा बटाट्यांचा पहारा कडक असतो. ते वाक्य जगभर छापून आलं आणि माझ्या मते कुठल्याही परिषदेच्या ठरावापेक्षा त्या वाक्याने जास्त काम केलं.

कारण त्यानंतर पैसे कुठे ओतायचे हे लोकांना कळलं. अमेरिकेत नन आणि लुगार या दोन सिनेटरांनी १९९१ मध्येच कायदा आणलेला होता की जुन्या सोव्हिएत देशांची शस्त्रं आणि सामग्री सांभाळायला आपण पैसे द्यायचे, शत्रूच्या गोदामाला आपल्या पैशाने कुलूप असा तो अजब प्रकार, पण अक्कलहुशारीचा. त्यातून कुंपणं दुरुस्त झाली, दरवाज्यांवर डिटेक्टर बसले, वजनकाटे नवीन आले, रजिस्टरांची जागा कॉम्प्युटरने घेतली, लोकांना ट्रेनिंग मिळालं. कझाकस्तानात उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यात तर जवळपास ६०० किलो उच्च समृद्ध युरेनियम पडून होतं, ते १९९४ मध्ये अमेरिकन टीमने तिथे दीडेक महिना राहून ४४८ डब्यांत भरलं आणि मालवाहू विमानांनी अमेरिकेत आणून पुढे ट्रकने टेनेसीला नेलं. प्रोजेक्ट सफायर म्हणतात त्याला. शिवाय १९९३ ते २०१३ या २० वर्षांत रशियाचं ५०० टन बॉम्बच्या दर्जाचं युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या वीज प्रकल्पांत जाळलं गेलं. जो मालच उरला नाही तो कोण चोरणार.

मी फिजिक्सवाल्या मुलांना नेहमी सांगते की या क्षेत्रात यायचं तर अकाउंटिंग पण शिका. हसतात.

मी उरणला राहतो, क्लिअरिंगचं काम करतो. आमच्या एका पार्टीचा टाईल्सचा कंटेनर परदेशातल्या पोर्टवर रेडिएशन अलार्म आला म्हणून अडकला. टाईल्समध्ये कसलं आलंय रेडिएशन? आणि पोर्टवरचे हे रेडिएशन पकडणारे गेट एवढे हुशार असतील तर तस्करी होतेच कशी? (उरण)

दादा, टाईल्समध्ये असतं की. सिरॅमिक, ग्रॅनाइट, पोटॅश खत, मांजराच्या शौचपेटीत घालतात ती माती, केळ्यांचा मोठा लॉट, यात निसर्गतःच थोडं पोटॅशियम-४०, थोरियम, युरेनियम वगैरे असतं, आणि कंटेनर भरून माल असला की गेट ओरडतं. अमेरिकेने २००३ मध्ये मेगापोर्ट्स नावाचा कार्यक्रम काढला, जगातल्या मोठ्या बंदरांवर हे गेट बसवायचे, रॉटरडॅम आणि पिरियस ही सुरुवातीची बंदरं. रोजचे बहुतेक सगळे अलार्म तुमच्या टाईल्ससारखेच निघतात. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ घेतलेला ड्रायव्हर गेटमधून गेला तरी वाजतं. मग अधिकारी हातातलं यंत्र घेऊन येतो, कुठल्या आयसोटोपचे, म्हणजे मूलद्रव्याच्या कुठल्या प्रकाराचे, किरण आहेत ते बघतो, कागदावर लिहिलेल्या मालाशी जुळलं की सोडतो. पार्टीला सांगा कागदावर मालाचं वर्णन नीट आणि पूर्ण लिहा, निम्मी कटकट तिथेच वाचते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही. गेटला सगळ्यात सहज दिसतात ते सिझियम-१३७, कोबाल्ट-६० असले जोरदार गॅमा किरण सोडणारे. प्लुटोनियम न्यूट्रॉन सोडतं म्हणून तेही बऱ्यापैकी कळतं. पण उच्च समृद्ध युरेनियम, ज्याची खरी भीती, ते बिचारं शांत असतं, त्याचा मुख्य गॅमा इतक्या कमी शक्तीचा की शिशाच्या पातळ पत्र्यानेही अडतो. मार्च २०१० मध्ये दोन आर्मेनियन माणसं येरेवानहून तिबिलिसीला ट्रेनने आली, त्यांच्याकडे सिगारेटच्या पाकिटात आतून शिसं लावून १८ ग्रॅम उच्च समृद्ध युरेनियम होतं. सीमेवर अमेरिकेने दिलेली यंत्रं होती, ती गप्प राहिली. ते पकडले गेले पुढे तिबिलिसीत, कारण ज्याला ते विकायला आले होते तो पोलिसांचा माणूस होता.

म्हणून गेट नको असं नाही म्हणत मी. गेटमुळे चोराला शिसं लावावं लागतं, वजन वाढतं, एक्स-रेमध्ये काळा ठोकळा दिसतो, माणूस घाबरतो, चुका करतो. फक्त गेट म्हणजे सगळं असं समजू नका.

माझं वय ७४. शाळेत भूगोल शिकवला. एक विचारायचं होतं, या सगळ्याचे पोलीस कोण? व्हिएन्नावाले येऊन अटक करतात का? (सातारा)

नाही हो सर, व्हिएन्नावाल्यांकडे एकही पोलीस नाही. त्यांचे इन्स्पेक्टर असतात ते देशांनी जाहीर केलेल्या सामग्रीचा हिशोब तपासतात. चोर पकडायचं काम ज्या त्या देशाचं, आणि देश एकमेकांना किती सांगतात यावर सगळं अवलंबून.

सांगण्यासाठी १९९५ मध्ये आयएईएने एक नोंदवही सुरू केली, आयटीडीबी म्हणतात तिला, १४५ च्या आसपास देश त्यात आहेत, भारतही आहे. हरवलं, चोरीला गेलं, सापडलं, कुणी विकायला आलं, सगळं तिथे कळवायचं. मनात असेल तर, कारण सक्ती नाही. १९९३ पासून २०२३ अखेर ४,२४३ नोंदी झाल्या, त्यातल्या ३५० ठिकाणी तस्करी किंवा वाईट हेतू होता किंवा असावा असं धरलंय. बाकीचं बरंचसं हलगर्जीपणा, भंगार, हरवाहरवी. आणि चोऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त वाहतुकीत झाल्यात, माल ट्रकमध्ये असताना.

कायदे म्हणाल तर मुख्य करार १९८० चा, अणुसामग्रीच्या प्रत्यक्ष संरक्षणाचा, १९८७ पासून लागू. त्यात गंमत अशी की तो मुख्यतः माल एका देशातून दुसऱ्या देशात जात असतानाच्या सुरक्षेबद्दल होता, देशातल्या देशात गोदामात पडलेल्या मालाचं काय हे त्यात धड नव्हतंच. ती दुरुस्ती २००५ मध्ये ठरली आणि लागू व्हायला २०१६ चा मे उजाडला, पुरेशा देशांच्या सह्या-मंजुऱ्या यायला ११ वर्षं! भारताने २००७ मध्येच मान्य केली होती, अमेरिकेने २०१५ मध्ये, जे दुसऱ्यांना शिकवत फिरत होते तेच मागे. २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने १५४० नंबरचा ठराव केला की प्रत्येक देशाने असल्या सामग्रीची हेराफेरी गुन्हा ठरवणारा कायदा करायचाच, त्यानंतर आपल्याकडे २००५ चा महासंहारक शस्त्रांबद्दलचा कायदा आला, २०२२ मध्ये त्यात पैसा पुरवणाऱ्यांनाही आणलं. ओबामांच्या पुढाकाराने २०१० ते २०१६ अणुसुरक्षेवर चार शिखर परिषदा झाल्या, त्यातल्या पहिल्या परिषदेत आपण अणुऊर्जेचं एक केंद्र काढायचं जाहीर केलं, ते हरियाणात बहादूरगडजवळ झालंय, तिथे बाहेरच्या देशांचे लोकही ट्रेनिंगला येतात. बाकी परिषदांची यादी देत नाही, तुम्हालाही कंटाळा येईल आणि मलाही.

मी वकील आहे. या बातम्यांमध्ये एक गोष्ट खटकते, विकत घेणारा प्रत्येक वेळी पोलीसच असतो. मग हा बाजार खरा आहे की पोलिसांनीच मांडलेला? (पणजी)

वकीलसाहेब, बरोबर जागी बोट ठेवलंत. यावर जर्मनीत दोन-दोन संसदीय चौकश्या बसल्या होत्या, एक बव्हेरियात आणि एक केंद्राच्या संसदेत. १० ऑगस्ट १९९४, मॉस्कोहून म्युनिकला आलेलं लुफ्थान्साचं विमान, त्यातून आलेल्या प्रवाशाच्या सुटकेसमध्ये ३६३ ग्रॅम प्लुटोनियम. जगभर हेडलाईन. मग हळूहळू बाहेर आलं की गिऱ्हाईक जर्मन गुप्तचर खात्याचे आणि पोलिसांचे लोक होते, त्यांनीच मागणी टाकली, त्यांनीच भाव बोलला, आणि ते येतंय हे माहीत असून प्रवासी भरलेल्या विमानातून येऊ दिलं. वर त्याच वर्षी तिथे निवडणुका. लोक विचारायला लागले की तुम्ही मागितलं नसतं तर ते मॉस्कोतून निघालं असतं का? प्रश्न रास्तच होता.

पण दुसरी बाजूही आहे. प्लुटोनियम खरं होतं ना? पोलिसांनी ते बनवलं नव्हतं. कुठल्या तरी कपाटातून ते निघालं आणि कपाटाच्या मालकाने आपलं काही हरवलंय असं कधी सांगितलं नाही. त्याच डिसेंबरमध्ये प्रागमध्ये एका गाडीच्या मागच्या सीटवर २.७ किलो युरेनियम सापडलं, ८७.७ टक्के समृद्ध. आताचं घ्या, जपानी याकुझाचा, म्हणजे तिथल्या माफियाचा, एक म्होरक्या, म्यानमारमधल्या बंडखोर टोळीचा माल विकायला काढतो, गिऱ्हाईक म्हणून इराणी जनरल समोर येणार असं त्याला वाटत असतं, असतात अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी खात्याची माणसं. थायलंडच्या हॉटेलात त्याच्या साथीदारांनी प्लॅस्टिकच्या डब्यात पिवळी पूड दाखवली, नमुना तपासला तर युरेनियम, थोरियम आणि शस्त्राच्या दर्जाचं प्लुटोनियम निघालं. जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

माझं मत विचाराल तर सापळा चालेल, पण दोन अटींवर. एक म्हणजे माल जिथे आहे तिथेच पकडा, लोकांच्या विमानातून कशाला आणवता. आणि दुसरं, पकडल्यावर थांबू नका, मागे जा. जवळपास प्रत्येक केसमध्ये हातात लागतो तो मधला माणूस, कर्जबाजारी, अर्धवट माहितीचा. त्याला माल देणारा क्वचितच सापडतो. आणि खरा विकत घेणारा, म्हणजे ज्याला खरोखर बॉम्बच करायचाय असा, तो तर या उघड झालेल्या केसमध्ये जवळजवळ दिसतच नाही. यावर काही जण म्हणतात तो नाहीच, काही म्हणतात तो आपल्याला दिसत नाही. मला दुसऱ्यांची काळजी जास्त पटते, पण पुरावा मागाल तर तो कुणाकडेच नाही.

पकडलेली पूड कुठल्या देशाची हे कसं ओळखतात? सीरियलमध्ये दाखवतात तसं खरंच होतं का? (पुणे)

होतं, फक्त सीरियलमध्ये अर्ध्या तासात होतं, इथे महिने जातात. २९ मे १९९९, बल्गेरियाचं रुसे, डॅन्यूब नदीवरचा पूल, पलीकडे रोमानिया. एक माणूस गाडी घेऊन आला, कस्टमवाल्याला तो बिचकलेला वाटला, गाडी तपासायला घेतली तर लाच देऊ लागला. डिकीत एक कागद मिळाला, त्यावर युरेनियमचा उल्लेख. मग हवा भरायच्या पंपात लपवलेलं शिशाचं भांडं मिळालं आणि त्याच्या आत काचेची छोटी कुपी, त्यात काळी पूड, ग्रॅममध्ये मोजावी एवढीच. कुठलंही गेट वाजलं नव्हतं, एका कस्टमवाल्याची नजर.

कुपी पुढे अमेरिकेत लिव्हरमोरच्या लॅबमध्ये गेली. त्यांनी फक्त पूड नाही तपासली, सगळंच तपासलं. पूड ७२.७ टक्के समृद्ध, पण त्यात यू-२३६ खूप, म्हणजे ते एकदा रिॲक्टरमध्ये जळून मग परत शुद्ध केलेलं इंधन. युरेनियम जसं जुनं होतं तसे त्यात त्याचे पुढचे पदार्थ तयार होत जातात, ते मोजून सांगितलं की शेवटची शुद्धी १९९३ च्या ऑक्टोबर अखेरीस, महिनाभर इकडे-तिकडे. भांड्याच्या शिशात अँटिमनी होतं. कुपीभोवती मेण होतं, त्याचा पिवळा रंग बेरियम क्रोमेटचा. कागदाच्या लगद्यात कुठल्या झाडांचं लाकूड आहे तेही बघितलं. हे सगळं मिळून बोट पूर्व युरोपकडे गेलं, पण अमुक कारखान्याचं अमुक कपाट हे काही सिद्ध झालं नाही. कारण ठसा जुळवायचा तर दुसरा ठसा हवा, आणि आपल्या मालाचे ठसे दुसऱ्याला द्यायला देश तयार नसतात, लष्करी गुपित आहे ते. विज्ञान तयार आहे, फाईली बंद आहेत.

पाकिस्तानच्या खानने अख्खं दुकान मांडलं होतं ना? त्याबद्दल दोन ओळी. (कोल्हापूर)

दोनच. खान म्हणजे पाकिस्तानचा अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान. त्याच्या जाळ्याचा मुख्य धंदा यंत्रांचा आणि नकाशांचा होता, ऑक्टोबर २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचं जहाज लिबियाकडे निघालेलं असताना इटलीच्या तारांतो बंदरात वळवलं, तर मलेशियात बनवलेले आणि दुबईतून चढवलेले सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग निघाले. डिसेंबरात लिबियाने कार्यक्रम सोडला, ४ फेब्रुवारी २००४ ला खानने टीव्हीवर कबुली दिली, आणि ते गेट कितीही चांगलं असलं तरी ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला वाजत नाही हे सगळ्यांना कळलं.

ताई, माझा भोसरीला भंगारचा धंदा आहे. दिल्लीत मागे भंगारवाल्याचंच झालं होतं. आमच्याकडे हॉस्पिटलचा, कंपनीचा माल येतो, ओळखायचं कसं? (भोसरी)

हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा, कारण बॉम्ब आपल्या आयुष्यात येण्याची शक्यता फार थोडी आणि भंगारातला सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी तुकडा, येण्याची त्याहून कितीतरी जास्त.

दिल्लीचं मायापुरी, २०१० चं. विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात एक गॅमा इरॅडिएटर, म्हणजे वस्तूंवर गॅमा किरणांचा मारा करायचं यंत्र, होता, वर्षानुवर्षं न वापरलेला, फेब्रुवारीत लिलावात भंगारवाल्याला विकला. आत कोबाल्ट-६०. कामगारांनी तोडला, चकचकीत तुकडे निघाले, एकाने तर एक तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे महिनोन्महिने हॉस्पिटलमध्ये. यात तस्कर कुणीच नव्हता. पण एवढी ताकदवान वस्तू जर कागदावरून कुणाच्याही नकळत उतरते, तर वाईट हेतूचा माणूसही तिथूनच उचलेल. २०१३ मध्ये मेक्सिकोत चोरांनी ट्रक पळवला तो क्रेनच्या मोहात, त्यात कॅन्सरच्या जुन्या मशीनचा कोबाल्ट आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

ओळखायचं असं. पिवळ्यावर काळी किंवा जांभळट तीन पात्यांची खूण दिसली तर थांबायचं, ते सगळ्यांना माहीत असतं. २००७ मध्ये अजून एक खूण आली, लाल त्रिकोण, वर किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ही खूण मशीनच्या आतल्या भागावर लावतात, बाहेरून दिसत नाही. म्हणजे ती दिसली याचा अर्थ कुणीतरी आधीच उघडलंय, हात न लावता माणसं लांब घ्या. आकाराच्या मानाने भलतीच जड वस्तू, जाड शिशाचं डबडं, बाहेर स्टील आणि आत शिसं असा गोळा, गॅसकटर लावायचाच नाही. हॉस्पिटलच्या किंवा रेडिओग्राफीवाल्या कंपनीच्या मालाला एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, कागद मागा, ती संस्था मुंबईत अणुशक्तीनगरला आहे आणि असा कुठलाही सोर्स तिच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शंका आली तर ११२ ला फोन करून स्पष्ट सांगा की रेडिएशनची शंका आहे, पुढे अणुऊर्जा विभागाची माणसं मोजमाप घेऊन येतात. माल परत पाठवायला स्वतःच्या टेम्पोत टाकू नका. शक्य असेल तर वजनकाट्याजवळ एक डिटेक्टर बसवा, मोठ्या स्टील कंपन्या तर गेटवर तपासल्याशिवाय भंगार घेतच नाहीत आता.

माझ्या मेहुण्याला एका पार्टीने कॅलिफोर्नियमचा तुकडा दाखवलाय. टेस्टिंगसाठी शास्त्रज्ञ येणार, त्याचे ६ लाख आधी भरायचे, नंतर कोटींमध्ये डील. भाभाचं लेटर पण आहे. घरच्यांनी सोनं मोडायचं ठरवलंय. काय करू? (जळगाव)

दादा, सोनं मोडू देऊ नका.

कॅलिफोर्नियम हे माणसाने बनवलेलं किरणोत्सर्गी मूलद्रव्य, ते जगात दोनच ठिकाणी बनतं, अमेरिकेत ओक रिजला आणि रशियात दिमित्रोव्हग्रादला, तेही खास रिॲक्टरमध्ये, आणि मिलिग्रॅममध्ये. सगळ्या जगाचं वर्षाचं उत्पादन एक ग्रॅमही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधल्या गोपालगंजला ५० ग्रॅम पकडलं, ८५० कोटींचं, अशी बातमी सगळ्या चॅनलवर होती, तपासात ते कॅलिफोर्नियम नसल्याचं निघालं. २०२१ मध्ये बोकारोला ६ किलोच्या वर युरेनियम पकडलं म्हणून तर पाकिस्ताननेही आरडाओरड केली, अणुऊर्जा विभागाने तपासलं तर ते युरेनियमच नव्हतं. पहिल्या उत्तरात मी म्हटलं होतं ना कोटींच्या आकड्यांचा राग आहे, तो यासाठी. हेच लोक राईस पुलर विकायचे, तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, त्यातही असाच पांढरा सूट घातलेला शास्त्रज्ञ यायचा आणि असंच लेटर असायचं.

भाभा अणुसंशोधन केंद्र कुणाच्या घरी येऊन फी घेऊन तुकडा तपासत नाही. खरं असतं तर तो तुकडा खिशात घेऊन फिरणारा माणूस जगला नसता. आणि मेहुण्यांना हेही सांगा की माल खोटा असेल तर ते फसले, आणि खरा निघाला तर ते आरोपी, अणुसामग्रीच्या कायद्यात "मला माहीत नव्हतं" फार चालत नाही. ते लेटर, ते मेसेज, ज्या खात्यात पैसे मागितलेत तो नंबर, काही डिलीट न करता सगळं घेऊन उद्या पोलीस स्टेशनला जा. मेहुण्यांना सोबत न्या, एकटे जाऊ नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत ते पैसे भरून मोकळे होतील.